काशीची खरेदी आणि गंगेचा गडू

काशीला जाऊन बनारसी शालूचा मोह न होणारी गृहिणी विरळाच! आम्हीही सहकुटुंब दशाश्वमेध घाटावर नावेत बसलो, ते मनात खरेदीची यादी घोळवतच. वाटेत नावाड्याच्या 'ओळखीच्या दुकाना'त शालू घेतला. तो नकली रेशमाचा, हे घरी आल्यावर कळले. बनारसी साडीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ती खूण आणि 'सिल्क मार्क' पाहून, पावती घेऊनच खरेदी करावी.

पुढे पंचगंगा, दुर्गा घाट मागे टाकून ब्रह्मा घाटाला उतरलो. पेशवाईत नारायण दीक्षित पाटणकर काशीला आले. या भागातली मराठी वस्ती तेव्हापासूनची. गल्लीत मराठी कानी पडताच सासूबाई थबकल्या. ओट्यावरच्या आजींना त्यांनी गंगेच्या गडूचे विचारले.

"भरलेला नका घेऊ हो! ठठेरी बाजारातून रिकामा आणा, गंगा स्वतः भरा, मग तोंडाला डाग देऊन घ्या."

तसेच केले. सासूबाईंच्या आईची काशीयात्रा राहूनच गेली होती. घरी मावंद्याच्या दिवशी गडू फोडला, तेव्हा पहिले तीर्थ त्यांच्या तसबिरीपुढे ठेवले. शालूची हळहळ तिथेच संपली.