कापलेलं गाणं

धान कापून झालं, खळ्यावर पुंजणे उभे राहिले की माझ्या माहेरून फोन येतो. आवाज बाबांचा, आणि वाक्य दरवर्षी तेच: "नाटक हाय, येजो." पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या लेकी दिवाळीला एखादे वेळी चुकतील, नाटकाला चुकत नाहीत.

२०२२च्या डिसेंबरात मी बारा वर्षांच्या लेकाला घेऊन निघाले. नागपूरहून गोंदिया, तिथे गाडी बदलून बल्लारशाची पॅसेंजर. सौंदड गेलं की खिडकीबाहेर नुसत्या कापलेल्या बांध्या, मधूनच एखादी बोडी, म्हणजे लहानसं तळं. लेकाला नाताळची सुटी होती आणि त्याने लॅपटॉपमध्ये एकाच गोष्टीचे चार सिनेमे भरून आणले होते. मी नागपुरात इंग्रजी शिकवते. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' माझ्याकडून त्याने लहानपणापासून ऐकलेली. या गोष्टीवर गाण्यांचे सिनेमे किती निघाले ते पाहून त्याला वेड लागलं होतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावी नाताळ कुणाच्या घरी नसतो. पण नाटकाला चार दिवस होते, रात्री थंडी मरणाची, आणि बाबांना झोप कमी.

बाबांनी झाडीपट्टीच्या नाटकांत चाळीस वर्षं ऑर्गन वाजवला. रात्री दहाला पडदा उघडायचा आणि पहाटे, कधी उजाडल्यावर पडायचा. तेवढा वेळ गाणं सांभाळायचं म्हणजे बोटांइतकंच लक्ष नटाच्या श्वासाकडे ठेवावं लागतं. इंग्रजी त्यांना येत नाही. मी गोष्ट सांगितली: लंडनमधला एक चिक्कू सावकार, स्क्रूज. सात वर्षांपूर्वी मेलेला त्याचा भागीदार नाताळच्या आदल्या रात्री भूत होऊन येतो, अंगावर साखळ्या, साखळीला तिजोऱ्या आणि हिशोबाच्या वह्या. मग तीन भुतं येतात, गेलेलं, चालू आणि पुढचं दाखवतात, आणि सकाळी माणूस बदललेला असतो.

"दिढीवाला," बाबा म्हणाले. त्यांच्या लहानपणी पेरणीला एक खंडी धान नेलं तर सुगीला दीड खंडी द्यावं लागे. तिजोऱ्यांची साखळी काय, हे मला त्यांना समजवावं लागलं नाही.

पहिल्या रात्री लेकाने १९९२चा बाहुल्यांचा सिनेमा लावला, 'द मपेट ख्रिसमस कॅरल'. कारकून बेडूक, त्याची बायको डुकरीण, गोष्ट सांगणारा लांब वाकड्या नाकाचा एक निळा प्राणी. त्यांच्यात स्क्रूज मात्र माणूस, मायकल केन. बाबा गोधडी ओढून पुढे सरकले. थोड्या वेळाने म्हणाले, "हा बाहुल्यांसंग काम करून नाही रायला. समोर माणूस हाय असाच पायते." केन यांनी ही भूमिका एकदाही डोळा न मिचकावता, मोठ्या नाटकातली असावी तशी करायची असं ठरवलंच होतं. बाबांना ते दहा मिनिटांत दिसलं.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी हात वर केला. लेकाने सिनेमा थांबवला.

"हे चाल पयले कुठं आली होती?"

आली नव्हती, लेक म्हणाला.

"आली असन. हे परत आल्यासारखी वाजते. पयल्यांदा वाजणारी चाल अशी येत नाही. मले झोप लागली होती का?"

झोप लागली नव्हती. मला त्या गाण्याची हकिकत माहीत होती, पण ऐकताना ही जागा माझ्या कानातून निसटली होती, आणि ती त्या भाषेचा शब्द न कळणाऱ्या माणसाने धरली. तरुण स्क्रूज पैशापायी लग्न पुढे पुढे ढकलतो आणि त्याची होणारी बायको त्याला सोडून जाते. तिथे तिच्या तोंडी पॉल विल्यम्स यांनी एक गाणं लिहिलं होतं. मुलं चुळबुळ करतील म्हणून चित्रपटगृहांत दाखवताना ते कापलं गेलं. घरच्या कॅसेटींवर होतं, नंतरच्या बऱ्याच प्रतींतून पुन्हा गेलं. मूळ फिल्म कित्येक वर्षं सापडत नव्हती. सापडली, आणि आम्ही गावी बसलो होतो त्याच डिसेंबरात ते गाणं सिनेमात परत जोडलं गेलं. आमच्याकडची प्रत कापलेली होती. आणि शेवटचं गाणं त्याच चालीवर बेतलेलं आहे.

लेक फोन घेऊन अंगणात गेला, नेट मिळेपर्यंत तुळशीपासून गोठ्यापर्यंत फिरला आणि गाणं घेऊन आला. बर्फातल्या पुलावर मुलगी गाते. म्हातारा स्क्रूज तिच्या मागे उभा; तिला तो दिसत नाही. शेवटच्या ओळींना तोही गायला लागतो आणि त्याचा आवाज फुटतो. केन काही गायक नव्हेत, त्यामुळे ते फुटणं खरं वाटतं.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे काढलं तं मंग त्याचं रडनं कोठून येते? गावातला माणूस असा सांगून बदलत नाही, बाई. आपल्याकडे भाऊ भावाची बांधी बळकावते, तीन अंक सारे त्याले समजावतात, काही होत नाही. मंग गानं येते. गान्यात तो आपलं आपन कबूल करते. बोलून करन तं लोक म्हनतीन, नाटक करते."

डिकन्सने १८४३च्या डिसेंबरात हे पुस्तक छापलं तेव्हा त्यातल्या पाच प्रकरणांना प्रकरण न म्हणता 'स्टेव्ह' म्हटलं, म्हणजे गाण्याचं कडवं. हे मी वर्गात दरवर्षी एक गमतीची माहिती म्हणून सांगत आले. त्या रात्री वाटलं, आपण ते नीट ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या रात्री १९७०चा 'स्क्रूज', अल्बर्ट फिनीचा, गाणी लेस्ली ब्रिकस यांची. त्यात भविष्यातला एक प्रसंग आहे. स्क्रूजच्या दारासमोर गर्दी जमलेली, सगळे त्याचे ऋणको, आणि सगळे आनंदाने गाताहेत, त्याचे आभार मानताहेत. स्क्रूजला वाटतं आपण यांचं काहीतरी भलं केलं असावं. तोही त्यांच्यात नाचतो. मागे शवपेटी निघालेली असते, एक जण तिच्यावर चढून नाचतो. पेटी त्याचीच. तो मेला म्हणून कर्ज फिटलं, म्हणून आभार. बाबांनी तो प्रसंग तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी ते पडद्याकडे पाहतच नव्हते, डोळे मिटून ठेका ऐकत होते. "इतकं वाईट सांगाचं हाय, अन् ठेका लग्नातला देल्ला," म्हणाले. "लिवनारा मोठा मानूस."

ब्रिकस २०२१च्या ऑक्टोबरात गेले. त्यांच्याच गाण्यांवर २०२२मध्ये 'स्क्रूज: अ ख्रिसमस कॅरल' हा नवा ॲनिमेशनपट आला, तो तिसऱ्या रात्री पाहिला. रंग झगझगीत, गाण्यांना नवा साज. मला तो फिका वाटला. चौथा, 'स्पिरिटेड', त्याच वर्षीचा, आजच्या काळातला, विल फेरेल आणि रायन रेनॉल्ड्सचा. लेकाचा हा सर्वांत आवडता. एका रात्रीत बदललेला माणूस पुढे तसाच राहतो का, हा त्यातला प्रश्न त्याला पुरून उरला. बाबा मात्र पहिल्या अर्ध्या तासात झोपले.

मग नाटकाचा दिवस उजाडला. सकाळी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, गावभर पाहुणे, घरोघरी चुली पेटलेल्या. वडशाची नाटक कंपनी संध्याकाळी आली. कापलेल्या बांधीत मंडप, पुढे खुर्च्या, मागे तणसावर पोती आणि चादरी. बाबा रंगमंचाच्या कडेला, वादक दिसतील असे बसले. नाटक भाऊबंदकीचं होतं. मध्ये नाच होते, विनोद होते. लेक एकच्या सुमारास माझ्या मांडीवर झोपून गेला.

चारच्या आसपास धाकट्या भावाने रिकाम्या रंगमंचावर गायला सुरुवात केली. ऑर्गनने चाल धरली आणि लेक उठून बसला. त्याला कुणी हलवलं नव्हतं. "आई, ही चाल आधी आली होती," तो म्हणाला, "आई मेली तेव्हा." खरंच आली होती, दुसऱ्या अंकात, थोडी संथ. पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. बाबांची बोटं घोंगडीवर चालत होती.

घरी पोचलो तेव्हा फटफटलं होतं. चहा व्हायच्या आधी बाबांनी लेकाला माळ्यावरची पेटी काढायला लावली. बोटं दुखतात म्हणून दोन वर्षं ती उघडली नव्हती. भाता फुसफुसत होता, वरच्या सप्तकातली एक पट्टी दबून राहत होती. लेकाने फोनवर ते पुलावरचं गाणं लावलं. बाबांनी पहिली ओळ शोधली, चुकली, पुन्हा शोधली.

"त्या म्हाताऱ्याचा आवाज फुटते ना," ते म्हणाले, "तिथून लाव."