संसार मागे जुंपून जुन्नरला

दिवाळी सरली की पुणे-नाशिक रस्त्यावर, मंचर-नारायणगावच्या आसपास, तुमच्या पुढे हमखास एक ट्रॅक्टर लागेल. मागे एकीला एक अडकवलेल्या दोन ट्रॉल्या आणि वर उसाचा डोंगर. निघाला असेल निवृत्तीनगरच्या 'विघ्नहर'कडे, नाहीतर पारगावच्या 'भीमाशंकर' कारखान्याकडे. आपली पुरुषमंडळी चरफडतात, हॉर्नवर हॉर्न वाजवतात. पण मैत्रिणींनो, पुढे जायची घाई न करता त्या ट्रॅक्टरकडे जरा पाहून घ्या. उतार लागला की चांगला चालक चढापेक्षाही सावकाश जातो. चढावर ओझं ओढायचं असतं, उतारावर तेच ओझं मागून रेटतं.

हे पाल्हाळ लावण्याचं कारण असं की, गाडीच्या मागे लहानसा ट्रेलर जोडून चार दिवस बाहेर राहायचं, ही हौस आता आपल्याकडेही काही घरांत शिरली आहे. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागचं दार उचललं की ओटा नि शेगडी, बाजूला मुलांसाठी तंबू. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं. आणि जुन्नर तर २०१८ पासून राज्याचा विशेष पर्यटन तालुका. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, शेजारच्या आंबेगावात डिंभ्याचं पाणी, आणि त्यापुढे भीमाशंकर. मग घरात एकच चर्चा : कुठली गाडी हा ट्रेलर ओढेल?

ओढतील हो पुष्कळ! त्याला सुरक्षितपणे थांबवेल कोणती, हे विचारा. आणि हा विचार घरच्या बाईनेच का करावा, तर ट्रेलरमध्ये सामान भरते कोण? कारखान्याच्या माहितीपत्रकात ट्रेलरचं वजन छापलेलं असतं ते रिकाम्याचं. समजा ते ४५० किलो आहे. त्यात चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. गॅसची टाकी, गाद्या, पांघरुणं, कुकर, खलबत्ता (न्यायचा नाही म्हणता म्हणता जातोच), तांदूळ-पीठ, तंबू, खुर्च्या, मुलांची सायकल. बघता बघता सहाशे होतात! प्रत्येकाने फक्त 'एवढंसं'च ठेवलेलं असतं.

म्हणून गाडी पसंत करण्याआधी भरलेल्या ट्रेलरचा काटा करा. शेतमालाच्या आणि उसाच्या मुलुखात वजनकाट्यांना तोटा नाही. नारायणगाव, आळेफाटा, मंचर, कुठेही मिळेल. पण खरं म्हणजे निघण्यापूर्वी आपल्याच गावात करावा, म्हणजे खलबत्ता घरी ठेवायला संधी राहते.

आता हिशेब. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात किती वजन ओढायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. बऱ्याच लहान मोटारींच्या पुस्तकात 'ट्रेलर जोडू नये' असंच स्पष्ट सांगितलेलं असतं. मग तिथे विषय संपला. गॅरेजवाला 'मी हुक लावून देतो की वहिनी' म्हणाला तरीसुद्धा. लहान ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. अशा ट्रेलरबद्दल ब्रिटनमधला नियम मला पटतो : त्याचं भरलेलं वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको, आणि गाडी कितीही दांडगी असली तरी ७५० किलोंच्या वर नको. म्हणजे आपल्या सहाशे किलोंसाठी गाडी किमान बाराशे किलोंची हवी. घाट उतरायचा असेल तर मी याहून बरीच जड गाडी मागेन. ट्रेलरला ब्रेक असले तरी तो गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे नवशिक्याने नेऊ नये, असा तिथल्या जाणत्यांचा सल्ला आहे.

वजनानंतर गाडीची घडण बघायची. जिच्या पोटाखाली आडव्या-उभ्या पोलादी तुळयांची चौकट आहे आणि जिची मागची चाकं जोर लावतात, अशी गाडी या कामाला बरी. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा या त्या घडणीच्या. हुक त्या चौकटीलाच बसवलेला असावा, नुसत्या बंपरला नव्हे. मागच्या चाकांचा आग्रह एवढ्यासाठी की ट्रेलरचा भार गाडीच्या शेपटीवर येतो, त्यामुळे पुढचा भाग हलका होतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मग ओल्या चढावर चाकं नुसती फिरवत राहते. नावावर मात्र भुलू नका. २०२२ साली आलेली इनोव्हा हायक्रॉस नावाने इनोव्हाच, पण तिला ती चौकटही नाही आणि ती पुढच्या चाकांवर चालते. साडी घेताना आपण नुसत्या नावावर जातो का? पदर उलगडून बघतोच ना!

सामान कसं भरायचं हे जुन्नरच्या एखाद्या म्हाताऱ्या गाडीवानाइतकं छान कुणी सांगणार नाही. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं की सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही अगदी तसंच. मागे जड झाला की वेगात तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो. एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हुकावर यावा. सहाशे किलोंना तीस ते बेचाळीस किलो. मोजायला न्हाणीघरातला वजनाचा काटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना दगड लावून, उभा करा. त्याचा दांडा लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठोकळा काट्यावर ठेवा, दांडा गाडीला जोडताना असतो तितक्याच उंचीवर. पाणी, धान्य, टाकी खाली तळाशी नि चाकांच्या वर, गाद्या-उशा टोकांना. वाटेत हेलकावे सुरू झालेच तर ब्रेक दाबायचा नाही, चाक झटक्याने फिरवायचं नाही. पाय ॲक्सिलेटरवरून उचलून गाडी आपोआप मंद होऊ द्यायची. हे चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी ओरडून उपयोग नाही.

ट्रेलरची नोंदणी आरटीओत वेगळी होते, विम्याचंही वेगळं विचारून घ्यावं. मागचे दिवे गाडीच्या दिव्यांबरोबर लागतात ना, हे एकाने मागे उभं राहून पाहावं. हुक निसटला तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या फुलीसारख्या बांधाव्यात. चालू गाडीत गॅसची टाकी बंद.

रस्त्याचं म्हणाल तर पुण्याहून येणाऱ्यांना आता फारसं अवघड नाही. खेडचा जुना घाट टाळून वळणरस्ता झाला आहे. परीक्षा आहे ती कल्याणकडच्या मैत्रिणींची, माळशेज घाटात. येताना चढ, परतताना उतार, आणि पावसाळ्यात धुकं नि दरडी. पावसाळ्यात ट्रेलर घेऊन तिथे जाऊच नये असं माझं मत आहे. इतर वेळी ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलं तर ब्रेक तापतात आणि खाली पोचेपर्यंत धरेनासे होतात. जळका वास आला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून निवू द्या.

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाणारा रस्ताही पुढे वळणावळणांचा आहे. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, कचेरी घोडेगावला. भीमाशंकरचं रान १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. ट्रेलर खाली मुक्कामाला ठेवून नुसत्या गाडीने वर जावं. नाणेघाटात तर चाकाला वाटच नाही. सातवाहनांच्या काळापासून तिथून माल गेला तो जनावरांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून.

मुक्काम कुठे करायचा, यावर मात्र मी अगदी हट्टाला पेटते. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो. ही ऐकीव भीती नव्हे. माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्रच आहे आणि या दोन तालुक्यांत माणसं, त्यातही लहान मुलं, हल्ल्यांत गेली आहेत. तेव्हा उसाच्या कडेला किंवा ओढ्याकाठी 'किती छान गार आहे' म्हणून तंबू लावायचा नाही. कुंपण, दिवा आणि शेजार असलेल्या जागीच राहायचं. अंधार पडल्यावर मुलांनी ट्रेलरच्या आत, तंबूत नाही. रात्री लघवीला मूल एकटं जाणार नाही, आणि उरलंसुरलं अन्न बाहेर टाकायचं नाही; त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो.

त्याच उसाच्या कडेला तुम्हाला पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या दिसतील. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या त्या. त्यांचाही संसार ट्रॉलीतच येतो : भांडी, पत्र्याची पेटी, कोंबड्या, तान्ही मुलं. गाळप संपेपर्यंत, चार-पाच महिने. त्यांच्या दाराला कडी नसते, भोवती कुंपण नसतं आणि पहाटे अंधारातच आई फडावर जाते. त्यांच्या ट्रॉलीला मागे लाल परावर्तक आहे का, पुढचा ट्रॅक्टर उतारावर किती वेगाने चालला आहे, हे ठरवणं तिच्या हातात नसतं. रात्री अशी ट्रॉली पुढे दिसली तर प्रखर दिवे मारत मागे लागू नका, अंतर ठेवा. वर पोरं झोपलेली असू शकतात.

एक राहिलंच, गाडी मागे घेणं. मोकळ्या मैदानावर आधी सराव हवा. हात चाकाच्या तळाशी धरायचा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्यायचा. हे तुम्हीही शिकून घ्या. नारायणगावात मासवडीच्या जेवणासाठी थांबाल तेव्हा बाहेर पडायला सरळ वाट आहे, अशीच जागा बघून ट्रेलर लावा. आणि जेवून परत आल्यावर, निघण्यापूर्वी, हुक, साखळ्या नि दिवे पुन्हा एकदा हात लावून बघा.