कासवांच्या गावी तंबू अंगणात

जबलपूरच्या रिछाई भागात, कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या दादाच्या मुलांनी नर्मदेचे घाट पाहिले होते, कान्हाचा वाघही पाहिला होता. समुद्र मात्र नाही. म्हणून मार्चअखेरीस त्यांना घेऊन आम्ही रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो. मुलांनी तंबू सोबत आणला होता. निर्जन किनारा, शेकोटी आणि रात्री वाळूत फिरणारी कासवे, असा झकास बेत!

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून निघालेली पायवाट सुरूच्या बनात शिरते आणि एकदम लांबच लांब वाळू समोर येते. सकाळी लवकर गेलात तर रात्री कोण येऊन गेले, हे वाळूच सांगते. खेकड्यांची बारीक नक्षी, कोल्ह्याची पावले आणि नशीब असेल तर मादी कासवाचा रुंद माग.

ही मादी ऑलिव्ह रिडले जातीची. हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन दीड फुटाच्या खड्ड्यात शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. पुढचे सुमारे ५० दिवस ऊब देण्याचे काम वाळूचे. पूर्वी ही अंडी माणसे, कुत्री आणि कोल्हे उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून येथे कासव महोत्सव भरू लागला. घरटे सापडले की अंडी हलक्या हाताने कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात.

“आत्या, तंबू कुठे लावायचा?” धाकट्याने विचारलेच. उत्तर त्याला आवडले नाही. वाळूतून वर आलेले पिलू उजेडाच्या दिशेने धावते. अंधाऱ्या रात्री समुद्राची बाजूच जास्त उजळ असते, म्हणून ते पाण्याकडे जाते. किनाऱ्यावर शेकोटी किंवा बॅटरी दिसली की ते उलटे गावाकडे वळते आणि सकाळी कावळ्यांना सापडते. अंडी घालायला आलेली मादीही माणसांची चाहूल लागली तर तशीच परत फिरते. शिवाय नजरेतून सुटलेले एखादे घरटे नेमके आपल्या तंबूखाली असायचे! शेवटी यजमानीणबाईंनी तोडगा काढला. तंबू त्यांच्या अंगणात, माडाखाली लागला.

पहिल्या दिवशी टोपल्या रिकाम्या निघाल्या. पिले आपल्या सुट्ट्या पाहून बाहेर येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एका टोपलीखाली तळहातावर मावतील एवढी काळी पिले वळवळताना दिसली. दोरीपलीकडे सगळे चिडीचूप. दोन पिले लाटेने मागे फेकली, पुन्हा निघाली.

ही धाव कुठवर जाते? २०२१ साली ओडिशात खूण केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे अख्ख्या दक्षिण भारताला वळसा! आपल्याला मुंबईहून मंडणगडपर्यंतच प्रवास नको होतो.

दुपारी पाय मोकळे करायला बाणकोटचा जांभ्या दगडाचा किल्ला आहे. खाली सावित्री नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे हरिहरेश्वर दिसते. चढ फारसा नाही, पण ऊन कडक. टोपी आणि पाणी घ्याच.

जबलपूरकडून येणाऱ्यांनी मुंबई गाठून कोकण रेल्वेने माणगावला उतरावे आणि मंडणगडमार्गे यावे. हरिहरेश्वरकडून येत असाल तर बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट आहे. मोटारही बोटीत चढते. मुक्काम गावातल्या घरीच करावा. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा. निघण्यापूर्वी यजमानांना फोन करून कोणती घरटी भरत आली आहेत ते विचारावे आणि हाताशी निदान दोन रात्री ठेवाव्यात.