नऊ गुंठ्यांची नजर

लँडसॅट-5 या उपग्रहाची नेमणूक तीन वर्षांची होती. 1 मार्च 1984 रोजी तो कॅलिफोर्नियातून वर गेला आणि त्याला कायमची रजा मिळाली जून 2013 मध्ये. मधल्या पाव शतकाहून अधिक काळ, दर सोळा दिवसांनी, सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला तो 705 किलोमीटर उंचीवरून पुण्याजवळच्या धायरीवरून जात असे. गावात कुणी मान वर करून पाहिलं नाही, दिसणारही नव्हता.

त्याच्या अंगी दोन गुण होते. एक, एकाच वेळी येणं. त्याच ऋतूत सूर्य साधारण त्याच उंचीवर असल्यामुळे आजचं चित्र दहा वर्षांपूर्वीच्या चित्राशेजारी ठेवून ताडता येतं. आणि दुसरा, पिकं ओळखणं. हिरवं पान अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला दिसे. चित्रात हा प्रकाश लाल दाखवायची पद्धत आहे. म्हणून जानेवारीतल्या चित्रात कालव्याच्या पाण्यावरची रब्बी लालभडक उठते, धारेश्वराच्या डोंगरावरचं वाळकं गवत फिकट राहतं आणि सिमेंट-पत्र्याची वस्ती निळसर-राखाडी. गावचा तलाठी सातबाऱ्यावर पीकपाहणी लावत असे, तशीच याची नोंद. फक्त मालकाचं नाव नसलेली.

मर्यादाही त्याच्या स्वभावाचाच भाग. त्याच्या चित्राचा एक ठिपका तीस मीटर बाय तीस मीटरचा, म्हणजे नऊशे चौरस मीटर, जेमतेम नऊ गुंठे. धायरी वाढली ती मात्र बरीचशी गुंठ्या-दोन गुंठ्यांनी. एका गुंठ्यावरचं घर त्याला वेगळं दिसत नसे. त्या ठिपक्याचा लाल रंग थोडा मळे, एवढंच. दुसरं घर आलं, तिसरं आलं, की एखाद्या वर्षी तो ठिपका राखाडी होई. डीएसके विश्वसारखी मोठी वसाहत त्याने चटकन टिपली. गुंठेवारी त्याला उशिरा कळली. सरकारनेही गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 साली केला, तोवर रानाचे तुकडे पडून गेले होते.

उन्हाळ्यात तो फसतही असे. नांगरून टाकलेलं रान आणि पायासाठी उकरलेली जमीन त्याला जवळजवळ सारखीच. म्हणून जाणकार नुसतं मे महिन्याचं चित्र धरत नाहीत, दिवाळीनंतरचंही शेजारी ठेवतात. पावसाळ्यात ढगांमुळे त्याचा इलाजच नसे.

धायरीनंतर सात दिवसांनी त्याचा शेजारचा पश्चिमेकडचा पट्टा येई, मुंबईचा. तिथे अडचण वेगळी. भरतीच्या वेळचं चित्र घेतलं तर खाडीकाठचा चिखल पाण्याखाली गेलेला, ओहोटीला तोच उघडा. भरती-ओहोटीची वेळ न पाहता दोन चित्रं जोडली तर भराव न घालताच किनारा सरकलेला दिसेल. कांदळवन मात्र दगा देत नाही. मे महिन्यात सगळी झुडपं करपलेली असताना ते लालच राहतं आणि तुटलं की तितकंच स्पष्ट उमटतं. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला मनाई केली. त्यानंतर नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने त्यांचे नकाशे केले, ते लँडसॅटहून बारीक नजरेच्या उपग्रहचित्रांवरून. आकाशातून दिसलेलं कायद्याच्या उपयोगी पडतं, हे किनाऱ्याने दाखवून दिलं. धायरीसारख्या गावांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटच्या काळात तो पार थकला होता. चित्रं घेणारा त्याचा आरसा सतत इकडून तिकडे झुले. त्याच्या दोन्ही टोकांचे अडसर झिजले. बॅटरीने साथ सोडली, सौरपटल फिरवणारी यंत्रणा अडली. जमिनीवरचे अभियंते दरवेळी नवी युक्ती काढून त्याला चालवत राहिले. दृश्य साठवायची सोयही त्याच्याजवळ नव्हती. भारतावरून जाताना जे दिसे ते तेव्हाच खाली धाडायचं आणि हैदराबादजवळच्या शादनगरच्या केंद्राने ते उचलायचं. उचललं नाही तर ती सकाळ गेली.

2008 साली लँडसॅटची चित्रं जगाला फुकट खुली झाली. धायरीचा हद्दीबाहेर उरलेला भाग पुणे महापालिकेत आला ऑक्टोबर 2017 मध्ये, तोवर लँडसॅट-5 निवृत्त होऊन चार वर्षं उलटली होती. मळ्यांचे रस्ते, ओढ्यांच्या वाटा, कुठे किती वस्ती कधी उभी राहिली, हे सारं त्याच्या नोंदीत होतं. जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या नळांचा विचार त्या नोंदीवरून आधीच करता आला असता.

आता लँडसॅट-8 आणि 9 मिळून दर आठ दिवसांनी येतात. जून 2021 मध्ये नांदोशी, किरकटवाडी आणि नऱ्हे ही गावंही महापालिकेत आली. त्यांची तर सुरुवातीपासूनची चित्रं हाताशी आहेत. त्यांच्या पाण्याचे आणि ओढ्यांचे आराखडे करताना ती टेबलावर असायला हवीत.