रॉकेटाच्या जागी शिलालेख

भाच्याने आप्पांच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स घातलं आणि हौसेनं ‘स्पेसफन’ ही सजावट लावून दिली. ती २०११ च्या डेबियन ६ ची. त्या आवृत्तीचं नाव ‘टॉय स्टोरी’तल्या तीन डोळ्यांच्या परग्रहवासीयांवरून ठेवलेलं, चित्रात म्हणून रॉकेट शोभतं. पण आप्पा ब्याऐंशी वर्षांचे. लेकरांचा खेळ लागला असं समजून ते झाकण मिटायचे. त्यांना हवा होता आमच्या तंजावरच्या मोठ्या देवळातला, सरफोजी महाराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा लेख. त्याचा फोटो त्यांनी स्वतः काढला होता. मी म्हटलं, “मी बदलते.” लिनक्सचं मला काहीच येत नव्हतं.

पडद्यामागचं चित्र बदललं आणि काम झालं असं वाटलं. पुन्हा चालू केलं, तर रॉकेट जागच्या जागी.

मग कळलं की चालू होताना एकामागून एक वेगवेगळे प्रोग्रॅम आपापलं चित्र लावतात. पहिला ग्रब, म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. कोणती यंत्रणा सुरू करायची ते तो विचारतो. मग प्लिमथ, आत तयारी चालू असताना पडदा धरणारा. ग्रबच्या फाइलीत ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द होते: गप्प राहा, चित्र दाखव. मी ‘स्प्लॅश’ खोडला, पण फाइल जतनच होईना. तिला ‘सुडो’, म्हणजे मालकाचा हक्क लागतो. तो मिळवला, तरी रॉकेट होतंच. मी सुधारली ती नुसती सूचनांची यादी. ‘अपडेट-ग्रब’ म्हटल्यावर तिच्यावरून खरी फाइल नव्याने लिहिली जाते, आणि मशीन तीच वाचतं.

तेही केलं. रॉकेट गेलं, पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. आप्पा म्हणाले, “मोडलंस की काय?”

‘स्प्लॅश’ परत लिहिला आणि प्लिमथला साधी सजावट निवडून दिली. तरी रॉकेट! या कोड्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, पण उत्तर मला फार आवडलं. मुख्य डिस्क उघडण्याआधी लागणारं सामान एका लहान फाइलीत आधीच बांधून ठेवलेलं असतं. मी तिला शिदोरी म्हणते. प्लिमथचं चित्र त्या शिदोरीत. घरात नवं काही रांधलं तरी गाठोड्यात शिळंच. सजावट निवडायच्या आज्ञेच्या शेवटी मोठा ‘आर’ लावला की शिदोरी नव्यानं बांधली जाते.

राहिला ग्रब. आप्पांचा फोटो जेपीजी होता; मी नावापुढे पीएनजी लिहिलं आणि पडदा कोरा राहिला. नाव बदलून आतला माल बदलत नाही. चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडून खरोखर पीएनजी म्हणून जतन केलं, ‘ग्रब बॅकग्राउंड’पुढे त्याचा पत्ता लिहिला, अपडेट-ग्रब.

लेख उमटला. थोडा ताणलेला, मधल्या ओळींवर ग्रबची यादी बसलेली. आप्पा चष्मा लावून खालच्या ओळी मोठ्यानं वाचू लागले, आणि पाच सेकंदांत पडदा बदलला.

“थांब, थांब! वाचतोय मी.”

फाइलीत ‘ग्रब टाइमआउट’पुढे ५ होते. मी ६० केले. या वेळी अपडेट-ग्रब विसरले नाही.