तिसरीचा आराखडा

शाळा सुधारायचा आराखडा पालकांनी करायचा, असं कायदाच सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. त्याच्या 21व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि 22व्यात शाळा विकास आराखडा. समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक हवीत, निम्म्या बायका हव्यात. आराखडा तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा भाग वेगळा. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड होता. पुढे शंभर वर्षांच्या आत कायद्याने त्याच आईबापाला शाळेच्या बैठकीत खुर्ची दिली. मी समितीवर निवडून गेले तेव्हा मला याचं फार अप्रूप वाटलं आणि ते अजून ओसरलेलं नाही.

आमची शाळा घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. महापालिकेची, मराठी माध्यमाची, दोन अधिवेशनांत भरणारी. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर हिंदी माध्यम. माझी धाकटी तिथे दुसरीत होती. मी स्टेशनजवळ एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करते, फॉर्म भरण्याची सवय आहे, म्हणून आराखड्याचा कोरा नमुना साहजिकच माझ्या हातात आला. ही 2022च्या पावसाळ्यातली गोष्ट.

पहिल्या बैठकीत मागण्यांची यादी भराभर तयार झाली. भिंतींना रंग, फाटकाशी कॅमेरा, संगणक. आणि सगळ्यात जोरात आलेली मागणी, सीबीएसई. आदल्याच वर्षी महापालिकेने घाटकोपरला राजावाडीत, मुलुंडला मिठागरला सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या होत्या. प्रवेश सोडतीने. ज्यांचा नंबर लागला नव्हता त्यांच्या मनात ती सल ताजी होती. ‘आपल्या शाळेला ते बोर्ड कधी?’ एका रिक्षावाल्या दादांनी विचारलं. त्यांची तळमळ खरी होती. आपलं मूल दुसऱ्याच्या मुलापेक्षा मागे पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मुख्याध्यापिकाबाई लिहून घेत होत्या. तेवढ्यात तिसरीच्या बाई म्हणाल्या, ‘ताई, यादी करा, पण आधी माझ्या वर्गात येऊन पोरांकडून जरा वाचून घ्या.’

त्या वर्षीची तिसरी म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. ही मुलं जून 2020मध्ये पहिलीत आली, म्हणजे कागदोपत्री आली. शाळा बंद होती. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले 15 डिसेंबर 2021 रोजी. जानेवारीत पुन्हा बंद झाले आणि महिनाअखेरीस पुन्हा सुरू. मधल्या काळात शाळा मोबाइलवर. आमच्या गल्ल्यांत घरटी एक मोबाइल, तोही बापाबरोबर कामावर जायचा आणि रात्री परत यायचा. बाईंनी पाठवलेला अभ्यास रात्री नऊला उघडायचा, तोवर पोर पेंगलेलं. अक्षरओळखीचं वय असं निघून गेलं आणि मुलं थेट तिसरीच्या पुस्तकासमोर येऊन बसली.

आम्ही काही आया व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. बाईंनी तपासणीचे कागद दिले. आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, शेवटी गोष्ट. ही पद्धत आपल्या मुंबईतल्या कामातूनच वाढलेली आहे. प्रथम ही संस्था 1995 साली इथल्याच वस्त्यांतून सुरू झाली आणि देशभर मुलांचं वाचन तपासणारं ‘असर’ सर्वेक्षण तिनेच 2005मध्ये उभं केलं.

एक मुलगी माझ्यासमोर बसली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, कोरे करकरीत बूट. दप्तर, रेनकोट, वह्या, बाटली, सगळं तिच्याकडे होतं. महापालिका मुलांना अशा 27 वस्तू मोफत देते आणि त्याचा आमच्यासारख्या घरांना केवढा आधार होतो ते मला माहीत आहे. कागदावर वाक्य होतं, आईने घागर भरली. तिने ‘आई’वर बोट ठेवलं आणि ‘आई’ म्हणाली. मग बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘आई पाणी आणते.’ मी म्हटलं, ‘परत बघ बरं.’ तिने बोट ‘घ’वर नेलं, ओठ हलवले, आवाज फुटला नाही. मग पुन्हा तेच, आणखी घाईने, ‘आई पाणी आणते, पहाटे.’ पोर हुशार होती. शब्दाच्या सुरुवातीवरून आणि घरच्या अनुभवावरून तिने अर्थ जवळजवळ बरोबर ताडला होता. भाषा तिच्याकडे भरपूर होती. अक्षरंच तेवढी तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

वर्गातली बरीच मुलं शब्दांपाशी अडकली, काही अक्षरांपाशीच. गोष्ट वाचणारी थोडी. माझ्या शेजारी बसलेली वहिनी, जी बैठकीत कॅमेऱ्यासाठी भांडली होती, ती कागद घडी करत म्हणाली, ‘रंगाचं राहू दे. आधी हे लिहा.’

पुढच्या बैठकीत नमुन्यातल्या पहिल्या रकान्यावरच तास गेला. ‘शाळेचे ध्येय’. तिथे साधारणपणे सर्वांगीण विकास वगैरे लिहितात. आम्ही बायकांना विचारलं, पोराला शाळेतून काय यावं? एक म्हणाली, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचता यावी. दुसरी म्हणाली, गावाकडे आजीला पत्र लिहिता यावं. शेवटी आम्ही लिहिलं: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल आधी न पाहिलेली गोष्ट वाचेल आणि त्यात काय झालं ते आपल्या शब्दांत सांगेल. केंद्राच्या ‘निपुण भारत’चं लक्ष्यही हेच आहे, 2021मध्ये सुरू झालं, मुदत 2026-27. पण आमचं वाक्य आम्ही व्हरांड्यातून आणलं होतं, म्हणून ते प्रत्येकीला पाठ होतं.

‘मूल्ये’ या रकान्यात दोनच गोष्टी गेल्या. कुठल्याही मुलाला कोणी ‘ढ’ म्हणणार नाही. शिक्षक नाही, पालक नाही, मुलंही नाहीत. आणि घरी भोजपुरी, तेलुगू किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या बोलीला कोणी हसणार नाही. दुसरा मुद्दा मांडला तो आझमगढकडच्या एका भाभींनी. त्यांचा मुलगा वर्गात तोंडच उघडत नव्हता, कारण उघडलं की शेजारचे हसायचे. मला विचाराल तर आख्ख्या आराखड्यातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ.

कोरडा वाटणारा रकाना सगळ्यात रंगला. ‘पुढील तीन वर्षांची अपेक्षित पटसंख्या, इयत्तावार.’ यावर किती शिक्षक लागणार ते ठरतं. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचं प्रमाण. कार्यालयात हा आकडा मागच्या वर्षांच्या पटावरून काढतात. आमच्या बायकांनी तो गल्लीवरून काढला. कोणत्या चाळीचं एसआरएत, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनात, जाणं ठरलंय, कोण भाडं घेऊन बाहेर जाणार, कोणाला मानखुर्दकडे खोली मिळालीय, कोणाच्या घरात पुढच्या जूनला पहिलीचं मूल आहे. बालवाडीच्या ताईंनी आपली वही आणली. तासाभरात असा आकडा उभा राहिला की मुख्याध्यापिकाबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्याच ओघात हजेरीचाही विषय निघाला. मे महिन्यात गावी गेलेली मुलं शाळा जूनच्या मध्यावर भरली तरी जुलैत उगवतात, आणि गणपतीला कोकणातली पोरं जातात ती पाचदहा दिवसांनी येतात. नव्या अक्षरांचे धडे त्या आठवड्यांत घेऊ नयेत, उजळणी घ्यावी, असं आम्ही लिहिलं. गावी जाऊ नका असं कोणी कोणाला सांगितलं नाही. ते सांगणं चाललंही नसतं.

बैठकीची वेळ हाही मोठा प्रश्न होता. वर डोंगरावर पाण्याची वेळ दुपारची. हंडे सोडून कोणती बाई येणार? घरकामाला जाणाऱ्यांना सकाळ नको. मग शनिवारी अधिवेशन सुटताना, मुलाला घ्यायला आलेल्या वेळी, अर्धा तास, असं ठरलं. तेव्हापासून सह्यांपुरती बैठक कधी झाली नाही.

आराखड्यातलं मुख्य काम साधं होतं. तिसरी-चौथीचा पहिला तास रोज वाचनाचा. त्या तासाला वर्ग मोडायचे आणि मुलं वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायची. अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली एकीकडे. कपाटातली गोष्टींची पुस्तकं व्हरांड्यात दोरीवर टांगायची, फाटली तर फाटली. सातवीच्या मुलींनी आठवड्यातून दोनदा लहानांना गोष्ट वाचून दाखवायची. आणि रोज एका पालकाने येऊन नुसतं ऐकायला बसायचं. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनीही. मुलं त्यांच्यासमोर जास्त मोकळी वाचत, कारण तिथे चूक काढणारं कोणी नव्हतं.

वर्ष सरताना पुन्हा कागद काढले. गोष्ट वाचणारी मुलं स्पष्ट वाढली होती. बहुतेक मुलं निदान उताऱ्यावर आली होती. काही जोडाक्षरांशी झगडत होती, आणि दोनचार जण अजून अक्षरांतच होते. त्यांच्यासाठी बाईंनी सुट्टीआधी वेगळी वही केली. रंगाचं काम पुढे झालं, फाटकाशी कॅमेराही लागला. सीबीएसईचा वाद मिटलेला नाही, आणि मिटावा असं मला वाटतही नाही. पालकांनी चांगल्याची मागणी करत राहावं.

दोन वेण्यांची ती मुलगी मात्र आमच्या अंतिम तपासणीत नव्हती. दिवाळीनंतर तिच्या घरच्यांना मानखुर्दला खोली मिळाली आणि दाखला काढून ती गेली. तेव्हा ती उतारा वाचू लागली होती. नव्या शाळेत तिला कुठल्या पायरीवर बसवलं असेल, हे आम्हाला कोण सांगणार? तिचा दाखला जन्मतारीख सांगतो, इयत्ता सांगतो. ती कुठवर वाचते ते सांगत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या भागात आम्ही एक कलम वाढवलं. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दाखल्याला वाचनाच्या नोंदीचं एक पान जोडायचं, त्यावर वर्गशिक्षिकेची सही, आणि नव्या शाळेत बाईंनी एक फोन करायचा. तो ठराव मी लिहिला, आझमगढच्या भाभींनी मांडला आणि रिक्षावाल्या दादांनी अनुमोदन दिलं.