सतरा सामन्यांची यादी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय वाचून हसाल. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईनं अमेरिकन फुटबॉलवर लिहावं म्हणजे जरा अतीच! पण इथे येणाऱ्यांत निम्मे नातेवाईकच आहेत, त्यांना माझी खोड माहीत आहे.

आधी हे सांगते की या फुटबॉलमध्ये पायाचं काम फारसं नसतं. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं. मला त्या पाडापाडीतलं अजूनही काही कळत नाही. मला कळते ती यादी.

लेक-जावई डेट्रॉईटजवळ राहतात. पुण्याची गाड्यांच्या कारखान्यातली पुष्कळ मुलं त्या बाजूला गेली, त्यातलाच आमचा जावई. तिथल्या संघाचं नाव लायन्स. हे दोघे तिथे गेले त्याच वर्षी, २००८ साली, या लायन्सनी सोळाच्या सोळा सामने हरण्याचा पराक्रम केला होता. तोपर्यंत ते कुणालाच जमलं नव्हतं! त्याच हिवाळ्यात मोटार कंपन्यांची अवस्था वाईट होती, जावयाच्या ऑफिसात रोज कुणाला तरी खोक्यात सामान भरून घरी पाठवत होते. लेक फोनवर म्हणायची, "आई, इथे सगळंच हरतंय." पुढे निभावलं. नातू तिथेच जन्मला आणि बाळपणापासून लायन्सच्या निळ्या टोपीत वाढला.

नातवाशी माझं बोलणं रविवारी सकाळी साडेसातला, तिकडे शनिवारची रात्र. तो लहान होता तोवर गोष्टी सांगून भागत असे. मग त्याचं मराठी आटत गेलं आणि माझं इंग्रजी होतं तेवढंच राहिलं. "जेवलास का?" "हो." "शाळा कशी आहे?" "छान." की संपलं. असा एक-दोन वर्षांचा काळ गेला. आणि एके दिवशी तो म्हणाला, "आजी, नेक्स्ट इयरचे ऑपोनंट्स आले. वाचू?" मी म्हटलं वाच.

त्यानं नावं वाचायला सुरुवात केली आणि मला एकदम भूगोलाचा तास आठवला. जोड्या लावा! डेट्रॉईट – मोटारी, पिट्सबर्ग – पोलाद, शिकागो – मांस. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. पिट्सबर्गच्या संघाचं नाव स्टीलर्स, म्हणजे उत्तर नावातच. ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं गाव आहे, तिथल्या संघाला पॅकर्स म्हणतात, कारण १९१९ साली त्यांच्या कपड्यांचे पैसे मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीनं दिले. त्या कंपनीचं नाव होतं इंडियन पॅकिंग कंपनी (आपला काही संबंध नाही!). सिनसिनाटीचे बेंगॉल्स म्हणजे मात्र आपलेच बंगालचे वाघ. मी जुना नकाशा काढला, एक दोनशे पानी वही केली, आणि तेव्हापासून दर जानेवारीत आम्ही यादी लिहितो. तो वाचतो, मी लिहिते आणि प्रत्येक गावाची काहीतरी माहिती सांगते. तो मराठीत ऐकतो. "माझी संघ" म्हणतो तेव्हा मी "माझा" एवढंच म्हणते, जास्त दुरुस्ती करत नाही. शाळेत केली तेवढी पुरे.

आता ही यादी ठरते कशी ते ऐका, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. एकूण ३२ संघ. सोळा-सोळाचे दोन मोठे गट आणि प्रत्येकात चार-चार संघांचे चार उपगट. म्हणजे चार चार मुलांच्या आठ तुकड्या म्हणा ना. प्रत्येक संघाचे १७ सामने. आपल्या तुकडीतल्या तिघांशी दोन-दोनदा, झाले सहा. आपल्याच मोठ्या गटातल्या आणखी एका अख्ख्या तुकडीशी चार, ती तुकडी पाळीपाळीनं तीन वर्षांत फिरून येते. पलीकडच्या मोठ्या गटातल्या एका तुकडीशी चार, ती चार वर्षांनी फिरून येते. झाले चौदा. इथपर्यंत हुशार-मठ्ठ काही बघत नाहीत. उरलेले तीन मात्र नंबर बघून देतात. आपल्या तुकडीत पहिला आलात तर दुसऱ्या तीन तुकड्यांतले पहिले तुमच्या वाट्याला. चौथे आलात तर चौथे. (यातला सतरावा सामना २०२१ पासून वाढवला, त्याआधी सोळाच होते.) म्हणून हंगाम संपला रे संपला की पुढच्या वर्षीचे प्रतिस्पर्धी कागदावर तयार. तारखा मागाहून, मे महिन्यात कळतात.

ज्यानं कधी शाळेचं वेळापत्रक बसवलं असेल त्याला हे वाचून किती गुदगुल्या होतील म्हणून सांगू! बत्तीस जण, कुणाची कुणाशी गाठ राहून जात नाही, चार वर्षांत प्रत्येकाची प्रत्येकाशी किमान एकदा भेट होतेच.

तर जानेवारी २०२५. लायन्स १७ पैकी १५ जिंकून आपल्या तुकडीत पहिले आले होते. जे सोळाच्या सोळा हरत होते तेच हे! सगळं घर हवेत. आणि बाद फेरीत पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनच्या कमांडर्सनी त्यांना ४५-३१ असं घरात घुसून हरवलं. पुढच्या रविवारी नातवाचे डोळे सुजलेले होते. तरी म्हणाला, यादी लिहू.

यादीत पुन्हा कमांडर्स! मी समजावलं, अरे, त्यांची अख्खी तुकडीच या वर्षी फिरून आपल्याकडे आली आहे, ईगल्स, काउबॉईज, जायंट्स सगळेच. दुसरीकडून पिट्सबर्ग, बाल्टिमोर, सिनसिनाटी, क्लीव्हलंड. ते त्याला पटलं. पण शेवटचे तीन आले तसा तो भडकला. रॅम्स, बकनिअर्स आणि कॅन्सस सिटीचे चीफ्स. हे चीफ्सही त्या वर्षी १५ जिंकलेले. "आजी, हे अनफेअर आहे. आपण जिंकलो म्हणून पनिशमेंट?"

मी मास्तरीण. मी लगेच पहिल्या नंबराची बाजू सोडून शेवटच्याची घेतली. म्हटलं, बाळा, जो मागे पडला त्याला थोडा सोपा पेपर मिळाला तर काय बिघडलं? नवीन खेळाडू निवडायचा पहिला मानही तुमच्याकडे सगळ्यात शेवटच्यालाच देतात ना? न्याय आहे हा. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या शाळेत असं होतं?"

मी म्हटलं, नंतर सांगते, आधी यादी पुरी कर. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसून राहिले.

आमच्या तालुक्याच्या शाळेत आठवी ते दहावी चार-चार तुकड्या होत्या. अ ते ड, मार्कांप्रमाणे. अक्षर बरं म्हणून वेळापत्रकाचं काम माझ्याकडे आलं आणि अकरा वर्षं माझ्याकडेच राहिलं. जून महिन्यात मोठ्या कार्डशीटवर रकाने आखायचे आणि पेन्सिल-खोडरबर घेऊन बसायचं. गणित-इंग्रजीच्या ज्येष्ठ शिक्षकांना पहिले तीन तास हवे असत, आणि तुकडी हवी असे 'अ'. ते आधी भरायचे. मग ब, मग क. सगळं बसवून झालं की ड तुकडीच्या रकान्यात जे उरेल ते. ड चं गणित अकरा वर्षं सातव्या नाहीतर आठव्या तासाला राहिलं. मुलं सकाळी गुरांचं करून, चालत आलेली, दुपारी चार वाजता त्यांच्यासमोर बीजगणित. आणि कोणी शिक्षक रजेवर असले की बदली शिक्षक आधी 'अ' वर जायचे, ड ला ऑफ तास. मुलं खूष व्हायची म्हणून आम्हालाही काही वाटत नसे.

हे माझ्या लक्षात कधी आलं? निवृत्त झाल्यावर. गीझर दुरुस्तीला एक जण आला, आता पन्नाशीचा, आमच्याच ड तुकडीतला. काम उत्तम करतो. स्टुलावर चढून वायर जोडता जोडता सहज म्हणाला, "बाई, आमचा गणिताचा तास कायम शेवटचाच कसा काय असायचा हो?" तक्रार नव्हती त्यात, गंमत म्हणून विचारलं. मी म्हटलं, "तसंच बसायचं रे ते." त्यानं पैसेही घ्यायला नको म्हटलं. मी बळेच दिले.

तसंच बसायचं नाही. मी तसं बसवत होते.

पुढच्या रविवारी नातवाला हे सगळं सांगितलं. तुकडी म्हणजे काय, ऑफ तास म्हणजे काय, सगळं. तो म्हणाला, "म्हणजे लिस्ट तूच करायचीस?" मी हो म्हटलं. तो काही बोलला नाही. चौदा वर्षांच्या मुलानं काय बोलावं?

असो. त्या यादीवर आम्ही लाल शाईनं खुणा केल्या होत्या. अवघड म्हणून चार नावं लाल: चीफ्स, कमांडर्स, रेव्हन्स, ईगल्स. सोपे म्हणून हिरव्या शाईत शिकागोचे बेअर्स, कारण ते आदल्या वर्षी फक्त पाच सामने जिंकले होते. आता २०२५ मध्ये झालं काय ते बघा. बाल्टिमोरच्या रेव्हन्सना लायन्सनी त्यांच्या गावात जाऊन हरवलं. कमांडर्सनाही, ४४-२२. हे कमांडर्स आदल्या वर्षी १२ जिंकून ५ हरलेले, या वर्षी बरोबर उलटे, ५ जिंकून १२ हरले. चीफ्स १५ वरून ६ वर घसरले, पण नेमके आपल्याला मात्र हरवून गेले! आणि ते हिरव्या शाईतले बेअर्स ११ जिंकून आमच्या तुकडीत पहिले आले. त्यांना लायन्सनी दोन्ही वेळा हरवलं, पण पॅकर्स आणि व्हायकिंग्स यांच्याशी चारही सामने हरले. एकूण ९ जिंकले, ८ हरले. व्हायकिंग्सचेही तेवढेच, पण त्यांनी आपल्याला दोनदा हरवलेलं. म्हणून लायन्सचा नंबर तुकडीत चौथा. शेवटचा.

यावर आमचा पुन्हा वाद. तो म्हणे, पहिल्या नंबराचे म्हणून जे तीन सामने मिळाले त्यातले दोन हरलो, रॅम्स आणि चीफ्स. ते सोपे असते तर ११ झाले असते. हिशेब बरोबर होता, मला मान्य करावं लागलं. मी म्हटलं, पण घरचे चार हरलास त्याचं काय? ते तर नंबर कोणताही असता तरी होतेच. तो म्हणाला, "मी नाही हरलो आजी, लायन्स हरले."

आणि गंमत म्हणजे दक्षिणेकडच्या एका तुकडीत कॅरोलायनाचे पँथर्स ८ जिंकून, ९ हरून पहिले आले. इकडे ९ जिंकणारा शेवटचा! तुकडी कोणती मिळाली यावर सगळं. नातवाला हे फार लागलं. मला नवल वाटलं नाही. आमच्या 'अ' मधल्या शेवटच्या मुलाला कोणी ढ म्हणत नसे, आणि 'ड' मधला पहिला कोण हे मला आज एकाही वर्षाचं आठवत नाही.

मग २०२६ ची यादी लिहायला घेतली. तुकडीतले तिघे आहेतच. दक्षिणेकडची तुकडी आली, म्हणजे तेच पँथर्स, बकनिअर्स, अटलांटा, न्यू ऑर्लिन्स. पलीकडून पूर्वेकडची: न्यू इंग्लंडचे पेट्रियट्स, बफेलो, मायामी आणि न्यूयॉर्कचे जेट्स. आणि चौथ्या नंबराचे म्हणून मिळालेले तीन – जायंट्स, ॲरिझोनाचे कार्डिनल्स, टेनेसीचे टायटन्स. २०२५ मध्ये जायंट्स चार जिंकले होते, बाकीचे दोघे तीन-तीन.

"सोपे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आजी, आता आपण ड तुकडी."

मी म्हटलं हो.

"आपल्याला मॅथ्स मॉर्निंगला मिळालं."

मी चष्मा पुसायला घेतला. त्यानं तिकडून विचारलं, लाल कुठे करायचं? पेट्रियट्सनी २०२४ मध्ये चार आणि २०२५ मध्ये चौदा जिंकले होते. बफेलोचे बारा. मी लाल पेन उघडलं, तर तो म्हणाला नको, पेन्सिलीनं कर. पेन्सिल शोधेपर्यंत त्यानं बफेलो नकाशात कुठे आहे ते स्वतःच सांगितलं, ईरी सरोवराच्या टोकाला, नायगाराच्या अलीकडे. "सरोवर" हा शब्द त्यानं बरोबर म्हटला. टायटन्सच्या नावापुढे मी काहीच खूण केली नाही.